सायकलचं पंक्चर: आधी काटा शोधा, मग दुकान

पंक्चर काढायला शिकणं फार मोठं काम नाहीये, एखाद्या रविवारी दुपारी घरी बसून शिकता येतं. पण बहुतेक लोक ठिगळ कसं लावायचं तेवढंच शिकतात, पंक्चर झालं कशानं हे बघतच नाहीत, मग दोन दिवसांनी परत हवा गेली की ठिगळाला नाहीतर दुकानदाराला शिव्या. बऱ्याचदा ठिगळ एकदम चांगलं बसलेलं असतं हो, काटा टायरमध्येच राहिलेला असतो आणि तो शेजारी नवीन भोक पाडतो. त्यामुळे कशानं झालं ते सापडल्याशिवाय ट्यूब परत आत घालायची नाही. आपला सायकलवाला चांगला आहे का हेही याच एका गोष्टीवरून कळतं, ते पुढे सांगतो.

मी पुण्यात सायकल चालवतो त्यामुळे उदाहरणं इकडचीच येणार, पण सोलापूर, नगर, साताऱ्याकडच्या लोकांनाही हे सगळं ओळखीचं वाटेल.

आपल्याकडे काचेपेक्षा काट्यांचा त्रास जास्त. त्यात एक नंबर म्हणजे सराटा. जमिनीसरपट पसरणारं, बारीक पिवळ्या फुलांचं झुडूप, औषधाला वापरतात तो गोखरू हाच. त्याचं फळ वाळलं की पाच फाका होतात, प्रत्येकीला दोन कडक काटे, आणि ती फाक कशीही पडली तरी एखादा काटा वर असतोच. पावसाळा संपला की माळावर, रस्त्याच्या कडेला, पार्किंगच्या मोकळ्या जागेत हे वाळून पडलेलं असतं. कच्च्या रस्त्यावर नुसतं फोटो काढायला म्हणून सायकल खाली उतरवली तरी एका चाकाला चार-पाच लागून येतात. दुसरी वेडी बाभूळ, तिच्या फांद्या कुंपणाला किंवा जळणाला ट्रॉलीतून नेताना रस्त्यावर काटे सांडत जातात, सासवड-जेजुरी बाजूला आतल्या रस्त्यांनी गेलात तर कळेलच. तिसरा प्रकार हायवेचा. ट्रकचे फुटलेले टायर कडेला पडलेले असतात ना, त्या रेडियल टायरच्या आत बारीक पोलादी तारा असतात, त्या सुट्या होऊन शोल्डरवर पसरतात. ही तार सगळ्यात डांबरट, कारण डोळ्याला दिसत नाही आणि हवा पण एकदम जात नाही, रात्री सायकल ठणठणीत लावलेली असते आणि सकाळी चाक बसलेलं.

आणि चौथा प्रकार खड्ड्यांचा. हवा कमी असताना खड्ड्यात किंवा स्पीडब्रेकरवर चाक आदळलं की ट्यूब रिम आणि टायरच्या मध्ये चिमटते, तेव्हा शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. अशी जोडी दिसली तर टायरमध्ये काटा सापडणार नाही (तरी एकदा बघून घ्याच), तिथे दुरुस्ती एवढीच की हवा नीट ठेवायची.

आता चाक बसलेलं दिसलं की पहिलं काम, खाली उतरा. "दुकान जवळच आहे, जाऊ हळूहळू" असं करू नका. चपट्या टायरवर बसून गेलात तर ट्यूब टायरच्या आत दुमडून जागोजागी फाटते आणि ॲल्युमिनियमची रिम असेल तर तिलाही पोचा येतो, म्हणजे ठिगळाचं काम नव्या ट्यूबवर आणि कधी कधी नव्या रिमवर जातं. हातात धरून चालवत न्या.

मग खरंच पंक्चर आहे का ते बघा. हवा भरा आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकी लावा, बुडबुडा आला तर पंक्चर नाहीच, व्हॉल्व्ह लीक आहे. (घाण वाटत असेल तर पाणी लावा, पण प्रत्येक पंक्चरवाला हेच करतो.) जुन्या साध्या काळ्या सायकलींना जो व्हॉल्व्ह असतो त्याच्या आत रबराची बारीक नळी असते, वॉल ट्यूब म्हणतात तिला, ती वर्षभरात कुजते, चिकटते, फाटते. ती बदलायला दोन मिनिटं लागतात आणि चहापेक्षा स्वस्त मिळते. गिअरच्या बऱ्याच सायकलींना मोटारसायकलसारखाच जाड व्हॉल्व्ह असतो, त्यातली आतली पिन कधी कधी नुसती ढिली झालेली असते, आवळली की झालं. आणि रोड बाइक, हायब्रिडला (रोड बाइक आणि एमटीबीच्या, म्हणजे माउंटन बाइकच्या, मधली सायकल) बऱ्याचदा पेन्सिलीसारखा बारीक प्रेस्टा असतो, त्याचं वरचं छोटं नटकं आधी सैल करावं लागतं नाहीतर हवा आत जातच नाही, आणि पेट्रोल पंपावरची किंवा टपरीवरची नळी त्याला बसत नाही. त्यासाठी पितळेचा छोटा ॲडॉप्टर मिळतो, तो एक आणून कायमचा सायकलच्या पाऊचमध्ये टाकून द्या.

चाक काढायचं. मागचं असेल तर आधी चेन सगळ्यात लहान दातऱ्यावर आणा, सायकल सीट आणि हँडलवर उलटी करा, रिम ब्रेक (रिमला दोन्हीकडून धरणारा) असेल तर तो मोकळा करा, क्विक रिलीज (हातानं उघडायचा खटका) किंवा नट सैल करा. डिस्क ब्रेक तेलाचा असेल तर चाक बाहेर असताना ब्रेकचा दांडा चुकूनही दाबायचा नाही, पॅड आतल्या आत मिटतात आणि मग चाक परत बसवताना घाम फुटतो. साध्या काळ्या सायकलचं मागचं चाक मात्र काढायच्या भानगडीत पडूच नका, कारण स्टँड, कॅरिअर, मडगार्डच्या काड्या सगळं त्याच एका ॲक्सलच्या नटाला अडकवलेलं असतं वर चेनकव्हर. जुने सायकलवाले ते कधीच काढत नाहीत. सायकल आडवी पाडतात, टायरची एक बाजू उचकटतात, ट्यूब आतून ओढून बाहेर घेतात आणि तिथंच पायाशी घमेलं ठेवून काम उरकतात. तुम्हीही तसंच करा.

टायर उचकटायला प्लॅस्टिकचे लिव्हर वापरा, स्क्रू ड्रायव्हर अजिबात नको, त्यानं होणारं भोक काट्यापेक्षा मोठं असतं. इथे एक युक्ती आहे जी समजली की काम निम्मं होतं. रिमच्या मधोमध खोलगट खाच असते, टायरची कड दोन्ही बाजूंनी दाबून त्या खाचेत ढकलली की टायर सैल पडतो आणि लिव्हर सहज आत जातो. नाहीतर नुसती ताकद लावत बसाल. सुरुवात व्हॉल्व्हच्या बरोबर विरुद्ध बाजूनं करा, आणि एकच बाजू उघडा, टायर पूर्ण काढायची गरज नसते.

ट्यूब बाहेर काढायच्या आधी व्हॉल्व्ह टायरवरच्या कुठल्या अक्षरांसमोर होता ते बघून ठेवा. म्हणूनच टायर बसवताना कंपनीचं नाव व्हॉल्व्हच्या बरोबर समोर येईल असं बसवायची पद्धत आहे, दिसायला छान म्हणून नाही. ट्यूबवर भोक व्हॉल्व्हपासून वीतभर लांब सापडलं तर टायरवर पण तेवढ्याच अंतरावर, या नाहीतर त्या बाजूला, काटा असणार.

भोक शोधायला ट्यूबमध्ये भरपूर हवा भरा आणि ती गालाजवळून, ओठाजवळून फिरवा, बारीक वारा ओठाला लगेच कळतो. नाही कळलं तर घमेल्यात किंवा बादलीत थोडी थोडी बुडवत न्या. एक भोक सापडलं म्हणून थांबू नका, सराटा असेल तर अजून असतातच. भोक कुठल्या बाजूला आहे तेही बघा. बाहेरच्या बाजूला असेल तर काटा, काच किंवा तार. आतल्या बाजूला, म्हणजे आऱ्यांच्या बाजूला असेल तर रिमची पट्टी (आऱ्यांची टोकं झाकणारी) सरकलीये किंवा एखाद्या आऱ्याचं टोक वर आलंय, तिथे दहा ठिगळं लावलीत तरी उपयोग नाही, आधी पट्टी बदला. आणि व्हॉल्व्हच्या अगदी मुळाशी फाटलं असेल तर ठिगळाच्या नादाला लागू नका, तिथे ते टिकत नाही, नवी ट्यूब घ्या.

आता काटा. टायरच्या आतून सगळीकडे बोट फिरवा, पण हळू, तारेनं बोट चिरतं. मी बोटाऐवजी जुन्या बनियनचा बोळा फिरवतो, बारीकशी तार असली तरी कापड अडकतं. बाहेरून पण बघा, सराट्याचा काटा बऱ्याचदा बाहेरून तुटून जातो आणि टोक तेवढं रबरात राहतं, आतून नखाला टोचतं पण बाहेरून नुसता काळा ठिपका. नेलकटरनं किंवा चिमट्यानं धरून ओढायचं, आणि बाहेर निघत नसेल तर आतून बाहेरच्या दिशेनं ढकलायचं. सापडलं नाही तर परत एकदा पूर्ण चक्कर. हा भाग कंटाळवाणा आहे, पण सगळं पंक्चर म्हणजे हाच भाग आहे.

ठिगळाचं सांगतो. भोकाभोवती पेननं खूण करा, ट्यूब कोरडी पाहिजे, ठिगळापेक्षा थोडी मोठी जागा पॉलिश पेपरनं घासा म्हणजे चकाकी जाते, तिथून ट्यूबची उभी शिवण जात असेल तर ती घासून सपाट करा. सोल्युशनचा पातळ थर लावा आणि थांबा. लोक इथेच घाई करतात. ओल्या सोल्युशनवर ठिगळ चिकटवलं की ते सरकतं आणि उन्हात सुटतं, त्यामुळे चार-पाच मिनिटं तसंच ठेवा, ओली चमक जाऊन मंद दिसायला लागलं की मगच ठिगळ, आणि अंगठ्यानं मधून कडेकडे दाबत न्या. ठिगळावरचा पातळ कागद निघत नसेल तर राहू द्या, त्यानं काही बिघडत नाही. सोल्युशनची ट्यूब एकदा उघडली की पाऊचमध्ये पडून पडून सुकते, तेव्हा लांबच्या राइडच्या आदल्या दिवशी दाबून बघा.

खरं सांगू का, रस्त्यात ठिगळ लावत बसूच नये. एक चांगली ट्यूब बरोबर ठेवायची, रस्त्यात ती घालायची (काटा शोधूनच!) आणि जुनीला घरी निवांत ठिगळ लावायचं. ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) करणारे लोक हेच करतात. २०० किलोमीटरला साडेतेरा तास असतात आणि वाटेत बाहेरच्या कुणाची मदत सहसा चालत नाही, मग पाऊचमध्ये एक-दोन ट्यूब, लिव्हर, छोटा पंप, ठिगळं, आणि नटाचं चाक असेल तर त्याच्या मापाचा पाना, बऱ्याच सायकलींना १५ नंबर लागतो. ऑफिसला जाणाऱ्यालाही एवढं पुरेसं आहे. टायरलाच मोठा चीर गेला असेल तर आतून जुन्या टायरचा तुकडा लावतात, गेटर म्हणतात त्याला, तो नसेल तर वेफर्सचं रिकामं पाकीट दोन-तीन घड्या करून ट्यूब आणि टायरच्या मध्ये ठेवा, घरापर्यंत आरामात येता येतं.

परत बसवताना ट्यूबमध्ये थोडीशी हवा भरा, नुसती गोल होईल एवढीच, म्हणजे पीळ पडत नाही. व्हॉल्व्हपासून सुरू करा, शेवटचा घट्ट भाग अंगठ्यांनी ढकलून बसवा, लिव्हरनं नाही, लिव्हर मारला की नवी ट्यूब चिमटलीच म्हणून समजा. मग व्हॉल्व्ह एकदा आत दाबून परत बाहेर ओढा, दोन्ही बाजूंनी गोल फिरून ट्यूब कुठे टायरखाली डोकावत नाहीये ना ते बघा, अर्धी हवा भरा, परत बघा, मग पूर्ण. किती भरायची ते टायरच्या बाजूवर लिहिलेलं असतं. जाड टायरच्या एमटीबीला साधारण ४० ते ६० पीएसआय, रोड बाइकच्या बारीक टायरला ८० ते १००च्या आसपास. अंगठ्यानं दाबून "आहे की" म्हणणं बारीक टायरच्या बाबतीत काही कामाचं नाही, घरी काटा असलेला उभा पंप घ्या (हा काटा चांगला, प्रेशर दाखवणारा). आणि टपरीवरच्या कॉम्प्रेसरनं भरताना टप्प्याटप्प्यानं भरायला सांगा, त्यांना मोटारसायकलच्या ट्यूबची सवय असते, सायकलच्या ट्यूबमध्ये हवा मावते किती, क्षणात जास्त होते आणि फाट.

आता दुकान.

पूर्वी कोपऱ्याकोपऱ्यावर पंक्चरवाला होता, आताही आहे, पण स्कूटर-मोटारसायकलचे टायर ट्यूबलेस झाले आणि त्याच्याकडे ठिगळाऐवजी चिकट रबराची दोरी आली. बऱ्याच टपऱ्यांवर "सायकलचं नाही करत" असं सरळ सांगतात, त्यात त्यांची चूक पण नाही, तेवढ्याच वेळात त्यांची दोन गाड्यांची कामं होतात. दुसरं टोक म्हणजे चकचकीत शोरूम, तिथे गिअरचं, डिस्क ब्रेकचं काम चांगलं होऊ शकतं, पण नुसत्या पंक्चरसाठी सायकल ठेवून जा, उद्या या म्हणाले तर काय करणार. आणि मधे उरलेली ती पेठेतली, गावातली जुनी दुकानं, अरुंद, काळी, छताला टायर टांगलेले, जिथे पूर्वी तासावर भाड्यानं सायकली मिळायच्या आणि अजूनही "ओव्हरऑइलिंग करून देऊ" (म्हणजे सगळी सायकल उघडून साफसफाई, तेलपाणी) म्हणतात. माझं मत विचाराल तर रोजच्या सायकलला हीच बरी, पण सगळी नाही, त्यातली निवडावी लागतात.

निवडायची कशी, तर पंक्चर घेऊन जा. मोठं काम देऊन परीक्षा घेऊ नका, ती महागात पडते. आमच्या इथल्या काकांकडे पहिल्यांदा गेलो तेव्हाचं बोलणं साधारण असं झालं:

"काका, हवा जातीये, परवाच बाहेर पंक्चर काढलं होतं."

"कुठं काढलं ते सोडा, फिरवून कुठनं आणली?"

"खेड शिवापूरला जाऊन आलो."

"हायवेनं ना? मग तार असणार."

ट्यूब त्यांनी बाजूला ठेवली, तिला हात पण लावला नाही. टायर आतून उलटा करून उजेडाकडे धरला, चिंधीचा बोळा एकदा फिरवला, एका जागी अटकला, पकडीनं काहीतरी ओढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं, पापणीच्या केसाएवढी तार. मग म्हणाले, आता ट्यूब द्या. असा माणूस भेटला की सोडायचा नाही. याउलट टायरमध्ये न बघता ठिगळ मारून देणारा, किंवा ट्यूब न दाखवताच "ट्यूब गेलीये, बदलावी लागेल" म्हणणारा, त्याच्याकडे परत जायची गरज नाही. बदलायला लागली तर हरकत नाही, पण भोक दाखवलं पाहिजे आणि जुनी ट्यूब मागितली तर परत दिली पाहिजे.

अजून काही गोष्टी बघा. तुमची ॲल्युमिनियमची रिम असताना तो लोखंडी पट्ट्या घेऊन जोर करतोय की जपून करतोय. पैसे आधी सांगतो का. चाकातला आऊट (चाक वाकडं फिरतं ते) काढायचा असेल तर स्वतः आरे आवळतो का, नुसतं "रिम बदला" म्हणतो. चांगला माणूस चाक फिरवून, आरे बोटानं वाजवून कुठला ढिला आहे ते सांगतो. आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठी खूण, "हे तेलाच्या ब्रेकचं काम माझ्याकडे होणार नाही, तुम्ही अमक्याकडे जा" असं म्हणायला त्याला कमीपणा वाटत नाही.

असा माणूस सापडतो कुठे? पेपर टाकणाऱ्या पोरांना विचारा. जी मुलं सायकलवर पेपर टाकतात त्यांना पहाटे पंक्चर होऊन चालतच नाही, आणि ज्याच्याकडे त्यांची सायकल जाते तो माणूस स्वस्त, पटकन आणि टिकाऊ काम करणारा असतो, नाहीतर ती दुसरीकडे गेली असती. शाळेबाहेरचे वॉचमन काका पण सांगतात. गिअरची महाग सायकल असेल तर रविवारी सकाळी खडकवासल्याच्या चौपाटीवर किंवा सिंहगडाच्या पायथ्याला भजी खात थांबलेल्या सायकलस्वारांना विचारा, तुमच्यासारखीच सायकल असलेल्याला विचारा, आणि विचारताना "चांगलं दुकान कुठलं" असं मोघम नको, "तुझं मागचं चाक कोण बघतं" असं विचारा, मग खरं नाव कळतं.

जाताना सायकल पुसून न्या, चिखलानं भरलेली सायकल समोर उभी केली तर कुणालाही वैताग येणार. तक्रार नेमकी सांगा, "आवाज येतो" एवढंच नको, पॅडल मारताना येतो की नुसती उतारावर सोडल्यावर येतो ते सांगा. पंक्चरच्या पैशात घासाघीस करू नका. आणि टायर-ट्यूब ऑनलाइन आणून फक्त बसवायला त्याच्याकडे नेत असाल तर मजुरी न कुरकुरता द्या.

ट्यूब घेताना टायरवरचं माप मोबाइलमध्ये फोटो काढून न्या. २६ इंची म्हणजे सगळ्या सारख्या असं नसतं. जुन्या लेडीज किंवा साध्या सायकलवर ३७-५९० लिहिलेलं असेल आणि एमटीबीवर ५०-५५९, दोन्ही २६च म्हणून विकतात पण टायर एकमेकांना बसत नाहीत. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचं माप, दोन्ही मिलिमीटरमध्ये. २९ इंची आणि ७०० सी यांचं रिमचं माप मात्र एकच, ६२२, फक्त रुंदी वेगळी. व्हॉल्व्ह पण बघून घ्या, प्रेस्टाच्या बारीक भोकाच्या रिममध्ये जाड व्हॉल्व्हची ट्यूब जात नाही.

पंक्चर कमी व्हावीत म्हणून आठवड्यातून एकदा हवा बघणं, रस्त्याच्या अगदी कडेला जिथे काचा-तारा वाहून साठतात तिथून न चालवणं, आणि टायर मधोमध सपाट झाला किंवा दोरा दिसायला लागला की बदलणं एवढं केलंत तरी खूप फरक पडतो. पावसात जास्त जपा, ओल्या रबरात काच सहज घुसते. सराट्याच्या भागात रोज जाणं असेल तर ट्यूबमध्ये सीलंट घालून घ्या, काट्याची बारीक भोकं ते आपोआप बुजवतं, कट गेला तर मात्र उपयोग नाही. प्रेस्टाची पिन निघणारी असेल तरच ते आत जातं, दुकानात हे विचारून मग ट्यूब घ्या.

आणि मोठं काम, म्हणजे ओव्हरऑइलिंग, आऊट काढणं, बेअरिंगचे छर्रे बदलणं, हे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात काढू नका. शाळा सुरू व्हायला येतात, वर्षभर बाल्कनीत पडलेल्या सगळ्या पोरांच्या सायकली त्याच आठवड्यात दुकानात येतात. एप्रिलमध्ये नाहीतर दिवाळीनंतर न्या, आणि रविवार सकाळ सोडून एखाद्या मधल्या वारी दुपारी, तेव्हा तो निवांत असतो आणि तुमच्यासमोर चाक उघडून दाखवतो.